अर्धा तास पुढे

प्रशीलच्या जहाजाची वेळ आपल्याहून अर्धा तास पुढे.
कुठल्याशा बंदरात काटे फिरवले,
मुंबई आली तरी मागे घेतले नाहीत.
कॅप्टनची मर्जी.
सातला शिडी उचलणार, म्हणजे आपल्या साडेसहाला.
हे त्यानं फोनवर तीनदा सांगितलं,
जणू उशीर मीच करणार होते.

बाकीचे उतरले ते लेणी बघायला, मोती घ्यायला.
हा गांगुर्ड्यांच्या गाडीत बसून
कसारा घाट चढला.
आठ महिन्यांनी.

रजा मिळाली होती मला.
पण आदल्या रात्री थोरात सिस्टर बाथरूममध्ये पडल्या,
आणि बत्तीस खाटांना आम्ही उरलो दोघी.
मग तोच आला सिव्हिलला, पावणेबाराला.
वॉचमन म्हणाला, कुठल्या पेशंटचे?
हा म्हणे, पेशंटचा नाही, सिस्टरचा.

जहाजावर तो चादरी धुतो.
रोज चार हजार, कधी जास्त.
चौदा नंबरच्या खाटेपाशी थांबला,
चादरीचं टोक दोन बोटांत चुरगाळून म्हणाला,
सोडा जास्त होतोय तुमच्याकडे.
चौदा नंबरचे आजोबा मला विचारत होते,
हे नवीन डॉक्टर का?

कपडे बदलायच्या खोलीत जेवलो.
भाकरी, मेथी, लसणाची चटणी,
पहाटे चारला उठून केलेली.
त्याच्या हातांना साबणाचा वास, माझ्या हातांना स्पिरिटचा.
मध्येच नऊ नंबरचं सलाइन निघालं, मी धावले.
परत आले तर डबे घासून पालथे घातलेले.
काय बोललो?
गॅसच्या नंबराचं. त्याच्या दाढेचं.
सव्वाला तो निघाला.

बेसिनजवळ साबणाखाली त्याचं घड्याळ.
भिंतीवर एक पस्तीस, घड्याळात दोन पाच.

त्याला वेळ पाठ आहे, हे मला माहीत होतं.
तरी माणूस सवयीनं मनगट बघतो,
आणि मनगटावर आता नुसता गोरा पट्टा.
फोन लागेना. घाटात कुणाचा लागतो?
शेवटी गांगुर्डे मिळाले.
ताई, म्हणाले, गाडीचं घड्याळ मी सकाळीच पुढे केलंय.
घरी गेलो की मागे घेईन,
नाहीतर मंडळी मला उशिरा आलात म्हणून उपाशी ठेवतील.

ड्युटी संपली तरी घरी जावंसं वाटेना.
गंगेवर गेले, दुतोंड्या मारुतीसमोर बसले.
पूर आला की आम्ही पाणी त्याच्या अंगावर मोजतो,
गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला.
आता फेब्रुवारी. मारुती कोरडा ठाक,
अंगावर कुणाचा तरी टॉवेल वाळत घातलेला.
समुद्राचं पाणी कशावर मोजत असतील?

चार चाळीसला मेसेज :
भिवंडीला कंटेनर आडवा. गाड्या ठप्प.

आता खरं सांगते.
राहिला असता तर पुढचं बंदर कोचीन,
तिथवर स्वखर्चानं, वर करारावर लाल शेरा,
हप्ते माझ्याच पगारातून.
सगळं मला कळत होतं.
तरी कंटेनर आडवा आहे हे वाचून
मला बरं वाटलं.
किती वेळ? मोजला नाही.
मग मीच उठून उभी राहिले,
आणि त्या कंटेनरला हातानं ढकलावं
तशी घाटावर येरझारा घालू लागले.

सहा एकवीसला फोटो आला.
शिडीची पहिली पायरी, त्याचा बूट,
बुटावर आपल्याकडची धूळ.
खाली एकच शब्द : चढलो.

दुसऱ्या दिवशी त्याचं घड्याळ बांधून निघाले,
नि वॉर्डात साडेसातलाच पोचले.
रात्रपाळीची लता दचकली, काय गं, काय झालं?
काही नाही, म्हटलं.
आजोबा झोपलेले होते.
चादरीचं टोक दोन बोटांत धरून पाहिलं.
सोडा जास्तच होता.